आभासी यंत्रावर ड्रायव्हरची परीक्षा

संगणकाला जोडलेले उपकरण आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणाऱ्या प्रोग्रॅमला डिव्हाइस ड्रायव्हर म्हणतात. सामान्य प्रोग्रॅम चुकला तर तो एकटाच बंद पडतो. लिनक्समध्ये ड्रायव्हर हा बहुधा कर्नलच्याच अधिकाराने चालत असल्यामुळे त्याची चूक सबंध यंत्राला भोवते. 2001 साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी लिनक्स कर्नलची जी पाहणी प्रसिद्ध केली, तीत ड्रायव्हरांतील दोषांचे प्रमाण उर्वरित कर्नलच्या मानाने सात पटींपर्यंत आढळले होते.

या दोषांचे शोधन कठीण होण्याचे कारण असे, की यंत्र गोठले म्हणजे त्यातील पुरावाही हाती लागत नाही. म्हणून दोन संगणक तारेने जोडून एकावरून दुसऱ्याचे निरीक्षण करण्याची पद्धत रूढ झाली. परंतु प्रत्येक अपयशानंतर यंत्र पुन्हा सुरू करणे, डिस्क तपासणे, ड्रायव्हर हाताने बसविणे हे सारे करावेच लागे. आणि दोन परीक्षांची आरंभस्थिती तंतोतंत सारखी होती, अशी खात्री देता येत नसे.

आभासी यंत्राने ही अडचण दूर होते. फाब्रिस बेलार्ड यांनी आरंभिलेल्या क्यूएमू या प्रणालीत ‘एज्यु’ नावाचे एक शैक्षणिक पीसीआय उपकरण आहे. चेक प्रजासत्ताकातील मासारिक विद्यापीठातल्या लिनक्स कर्नलविषयक व्याख्यानांसाठी ते मुळात योजले गेले. त्याच्या रजिस्टरमध्ये संख्या लिहिली असता ते तिचे क्रमगुणित काढते, काम संपल्याचा इंटरप्ट देते आणि डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता, मेमरीशी देवघेव करते. ड्रायव्हरलेखनाच्या अभ्यासास हे पुरेसे आहे.

स्वयंचलनाचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवता येतो. प्रथम मॉड्यूल संकलित करावयाचे. नंतर मूळ डिस्कवर काहीही कायम लिहिले जाणार नाही अशा रीतीने आभासी यंत्र सुरू करावयाचे. यंत्रातील आरंभीच्या स्क्रिप्टने मॉड्यूल चढवावे, ठरलेल्या चाचण्या घ्याव्या व मॉड्यूल उतरवावे. कर्नलचे संदेश सीरियल कन्सोलमार्गे बाहेरच्या फाइलीत जावेत, म्हणजे यंत्र कोसळले तरी त्याचे अखेरचे शब्द शिल्लक राहतात.

आता एक दोष घेऊ. एज्युने दिलेल्या इंटरप्टची पोच त्याच्या रजिस्टरमध्ये लिहून द्यावी लागते. ड्रायव्हरने ती दिली नाही, पण इंटरप्ट हाताळल्याचे कर्नलला मात्र कळविले, तर पातळीवर चालणारी पीसीआय इंटरप्टरेषा उठलेलीच राहते. प्रोसेसर त्याच कार्यात पुनःपुन्हा शिरतो आणि यंत्र गोठल्यासारखे दिसते. अशा वेळी मुदत संपताच यंत्र मारून टाकणारी स्क्रिप्ट पुरावाच नष्ट करते. त्याऐवजी तिने क्यूएमूच्या दोषशोधनद्वाराला, सामान्यतः 1234 या पोर्टवर, जीडीबी जोडावा, आभासी प्रोसेसर थांबवावा आणि कार्यांची साखळी नोंदवून घ्यावी. त्यासाठी कर्नल दरवेळी यदृच्छ पत्त्यावर बसविण्याची सोय परीक्षेपुरती बंद ठेवावी लागते, आणि मॉड्यूल ज्या पत्त्यावर चढले तो जीडीबीला सांगावा लागतो. कर्नलसोबत मिळणाऱ्या जीडीबीच्या स्क्रिप्टा हे दुसरे काम करतात.

येथवर पुनरावृत्तीचा लाभ झाला. परंतु पुनरावृत्तीत एक धोकाही आहे. एज्युचा डीएमए मूलतः 28 बिटांचे, म्हणजे 256 मेबीबाइटपर्यंतचेच पत्ते जाणतो. ड्रायव्हरने चुकून 32 बिटांची मर्यादा कळविली असे समजा. आभासी यंत्राला 128 मेबीबाइट मेमरी असेल, तर सारे पत्ते मर्यादेतच पडतात आणि हजार परीक्षांतही हा दोष उघड होत नाही. तीच मेमरी 1 गिबीबाइट केली, की मर्यादेबाहेरच्या पत्त्याचे वरचे बिट गळून मजकूर भलत्याच ठिकाणी लिहिला जाऊ शकतो. सारांश, एकाच परिस्थितीत मिळालेली हजार यशे ही वस्तुतः एकाच यशाची हजारदा केलेली नोंद होय. म्हणून स्वयंचलित परीक्षेत आरंभस्थिती स्थिर ठेवून मेमरी, प्रोसेसरांची संख्या, कर्नलची आवृत्ती यांपैकी एकेक घटक क्रमाने बदलला पाहिजे.

तरीही आभासी उपकरण म्हणजे खरे उपकरण नव्हे. विद्युतसंकेतांतील बिघाड, उष्णता आणि खऱ्या बसवरील कालमान यांची परीक्षा येथे होत नाही. ती प्रत्यक्ष उपकरणावरच करावी लागते. आभासी परीक्षेचे कार्य एवढेच, की त्या टप्प्यावर पोहोचणाऱ्या ड्रायव्हरमधील तर्कदोष आधीच दूर झालेले असावेत, आणि सापडलेला प्रत्येक दोष दुसऱ्या अभ्यासकालाही तशाच स्थितीत पुन्हा दाखविता यावा.