रूढी काय काम करते? गाणगापूरची माधुकरी आणि मानवशास्त्रातील कार्यवाद

मानवशास्त्रातील कार्यवादाचा मूळ प्रश्न साधा आहे : एखादी रूढी समाजात आज कोणते काम करते? एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांचा प्रश्न निराळा होता. रूढी कुठून आली आणि मानवी प्रगतीच्या कोणत्या पायरीवर ती बसवायची, याचा ते शोध घेत. एडवर्ड टायलर आणि जेम्स फ्रेझर यांनी प्रवासी, मिशनरी व सरकारी अधिकाऱ्यांच्या टिपणांवरून असे विस्तृत इतिहास रचले. परंतु ज्या समाजांत लेखी नोंदी नव्हत्या, त्यांच्या बाबतीत या इतिहासाचा बराच भाग तर्कावरच चालला. १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या दोन ग्रंथांनी ही वाट सोडली.

पहिला ग्रंथ ब्रॉनिस्लॉ मॅलिनोव्स्की यांचा. पहिल्या महायुद्धाच्या काळात हे पोलिश अभ्यासक न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअँड बेटांवर राहिले, तिथली भाषा शिकले आणि गावातच तंबू ठोकून रोजचे व्यवहार टिपत गेले. तिथे त्यांना एक विसंगती दिसली. खाडीच्या शांत पाण्यात मासेमारी करताना लोक मंत्रतंत्र करत नसत. खुल्या समुद्रात जाताना मात्र करत. खाडीत कौशल्य पुरेसे होते, समुद्रात जिवाला धोका होता आणि मासळीचीही खात्री नव्हती. जादू ही अडाणीपणाची उरलेली खूण नसून अनिश्चिततेत माणसाला धीर देणारी व्यवस्था आहे, असे त्यांनी मांडले. त्यांच्या मते प्रत्येक प्रथा माणसाची कुठली तरी गरज भागवते.

दुसरा ग्रंथ ए. आर. रॅडक्लिफ-ब्राउन यांचा, अंदमानच्या आदिवासींवरचा. १९०६ ते १९०८ या काळात त्यांनी तिथे काम केले होते. दीर्घ काळाने भेटलेले अंदमानी आप्त एकमेकांना मिठी मारून विधिपूर्वक रडत. हे रडणे दुःखाचे नव्हे. सैल झालेले नाते पुन्हा घट्ट करण्याचा तो विधी होता. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांच्या प्रभावाखाली रॅडक्लिफ-ब्राउन यांनी व्यक्तीच्या गरजेऐवजी समाजाच्या रचनेवर भर दिला. शरीर टिकवण्यात जसा प्रत्येक अवयवाचा वाटा, तसा समाज टिकवण्यात प्रत्येक प्रथेचा, असे त्यांचे म्हणणे.

हे दोन्ही दृष्टिकोन एखाद्या परिचित प्रथेला कसे लागू करता येतील, हे कलबुर्गी जिल्ह्यातील गाणगापूरच्या उदाहरणावरून पाहता येते. अफझलपूर तालुक्यात, भीमा-अमरजा संगमाजवळ, दत्तावतार मानल्या जाणाऱ्या नृसिंह सरस्वतींच्या निर्गुण पादुकांचे हे स्थान आहे. महाराष्ट्र आणि कर्नाटक, दोन्हीकडचे भक्त इथे येतात. दत्तप्रभू दुपारी कोणत्याही वेशात भिक्षेला येतात, अशी श्रद्धा असल्याने घरचा कितीही सधन भक्त झोळी घेऊन किमान पाच घरी माधुकरी मागतो. उगमाचा शोध घेणारा अभ्यासक संन्याशाच्या भिक्षाव्रताकडे आणि ‘गुरुचरित्रा’कडे वळेल. मॅलिनोव्स्कींच्या दृष्टीने पाहणारा विचारेल की दीर्घ आजार, अपत्यहीनता किंवा ‘बाधा’ घेऊन आलेल्या, सगळे उपाय थकलेल्या माणसाला सेवा, प्रदक्षिणा आणि माधुकरी कोणता आधार देतात? रॅडक्लिफ-ब्राउन यांच्या वाटेने जाणारा पाहील की सावकार आणि मजूर इथे घटकाभर एकाच भूमिकेत येतात. समोरचा याचक दत्त असू शकतो, म्हणून देणाऱ्यालाही नाही म्हणवत नाही. श्रद्धा, अन्नदान, पुजाऱ्यांचा चरितार्थ आणि भक्तांची ये-जा एकमेकांत कशी गुंतली आहेत, हे त्यातून उलगडते.

भारतात हा विचार अनेक वाटांनी आला. मॅलिनोव्स्कींच्या लंडनमधील चर्चासत्रांत बसलेले क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात हैदराबाद संस्थानातील चेंचू आणि गोंड समाजांचा अभ्यास केला; गुलबर्गाही (आजचे कलबुर्गी) तेव्हा याच संस्थानात होते. मुंबई विद्यापीठात मालवणचे गो. स. घुर्ये इतिहास व संस्कृतिप्रसाराच्या अंगाने समाजशास्त्र शिकवत होते. त्यांचे विद्यार्थी एम. एन. श्रीनिवास १९४५ साली ऑक्सफर्डला गेले आणि रॅडक्लिफ-ब्राउन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी कोडगूविषयीच्या आपल्या सामग्रीची नव्याने मांडणी केली. १९५२ साली निघालेल्या त्यांच्या ग्रंथात धार्मिक विधी ‘ओक्का’ (कुटुंब), गाव आणि ‘नाड’ (गावांचा समूह) यांना कसे बांधून ठेवतात, ते दाखवले आहे.

या विचारावरचे आक्षेपही तितकेच वजनदार आहेत. प्रथा टिकली म्हणजे ती उपयोगी, आणि उपयोगी म्हणून टिकली, हा तर्क गोल फिरतो. बदल, संघर्ष आणि वासाहतिक सत्ता त्यात नीट मावत नाहीत. म्हणूनच रॅडक्लिफ-ब्राउन यांच्यानंतर ऑक्सफर्डचे प्राध्यापकपद सांभाळणाऱ्या इव्हान्स-प्रिचर्ड यांनी १९५० साली मानवशास्त्राला इतिहासाच्या जवळ नेले. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४९ साली दाखवले की प्रथेचे उघड कार्य वेगळे आणि सुप्त कार्य वेगळे असू शकते. शिवाय एकाला लाभणारी प्रथा दुसऱ्याला घातकही ठरते.

भारतात हा शेवटचा मुद्दा कळीचा आहे. बलुतेदारीकडे परस्परसेवेची घडी म्हणून पाहिले की गाव एकसंध दिसते. पण महाराच्या वाट्याला आलेले काम आणि अपमान त्या चित्रात झाकले जातात. जातीने कामाबरोबर काम करणारी माणसेही वरखाली लावली, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ठासून मांडले होते. इरावती कर्वे यांनी पंढरीच्या वारीवर लिहिताना सामूहिक भजनाची एकात्मता टिपली, आणि त्याच वारीत ब्राह्मण व मराठा वारकऱ्यांच्या पंक्ती वेगळ्या बसतात हेही नोंदवले. माधुकरीलाही हीच कसोटी लावावी लागते : समानतेचा तो अनुभव झोळी खाली ठेवल्यावर किती टिकतो, आणि कोणाच्या दारी मागितले जाते, कोणाच्या दारी नाही?

सर्वसमावेशक सिद्धांत म्हणून कार्यवादाचा जोर १९६० नंतर ओसरला. त्याची दोन साधने मात्र टिकून आहेत. लोकांत दीर्घ काळ राहून, त्यांच्या भाषेत अभ्यास करणे हे पहिले; एखादी प्रथा सुटी न पाहता नातेसंबंध, उपजीविका आणि श्रद्धा यांच्या संदर्भात पाहणे हे दुसरे. आजचा अभ्यासक त्यांना दोन प्रश्नांची जोड देतो : ही प्रथा कोणासाठी काम करते, आणि तिची किंमत कोण मोजतो?