झटका मशीन कुंपणाला ठीक, कुत्र्याच्या गळ्यात नाही

खानदेशात मक्याचं शेत रानडुकरांपासून राखायला झटका मशीन लावतात, हे एरंडोलकरांना सांगायला नको. म्हणूनच कुत्र्याच्या गळ्यात रिमोटवर चालणारा करंटचा पट्टा बांधणाऱ्याला हटकलं, की ठरलेलं उत्तर येतं: ‘‘भो, डुक्कर झटक्यानं शिकतं, मग कुत्रा का नाही शिकणार?’’ हे ऐकून ऐकून कान किटले. ही तुलनाच मुळात चुकीची आहे.

कुंपणाची तार जागची हलत नाही. डुकरानं नाक लावलं की झटका, मागे सरकलं की संपला. दर वेळी तीच तार, तीच जागा. झटका कशामुळे बसला आणि टाळायचा कसा, हे जनावराला लगेच उमगतं.

पट्टा मात्र कुत्र्यासोबत फिरतो आणि बटण असतं माणसाच्या हातात. पद्मालयाच्या गणपतीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचा एखादा मळा डोळ्यांसमोर आणा. चतुर्थीला मोटारसायकलींची रीघ लागते, कुत्रा त्यांच्यामागे धावतो, मालक ओट्यावरून बटण दाबतो. त्या क्षणी कुत्र्याची नजर असते गाडीवर मागे बसलेल्या पोरावर. बटण त्याला दिसत नाही, पोर दिसतं. मालकाच्या मते त्यानं ‘गाडीमागे धावू नको’ हे शिकवलं. कुत्रा ‘पोर दिसलं की मानेत कळ येते’ असंही शिकू शकतो. पुढे तो पोरांना पाहून शेपूट घालेल, नाहीतर आधीच चावा घेईल. मग गावभर बोभाटा होतो, कुत्रा उलटला म्हणून!

हा तर्क वाटत असेल तर जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचा 2007 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. 14 बीगल कुत्र्यांचे तीन गट केले होते. एका गटाला नकली सशाला तोंड लावताच झटका, दुसऱ्याला बोलावल्यावर न आल्याबद्दल, तिसऱ्याला केव्हाही. लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, तिसऱ्या गटात सर्वांत जास्त वाढलं, त्याखालोखाल दुसऱ्यात. झटक्याचं कारण ज्यांना अचूक कळत होतं, त्या पहिल्या गटात ते लक्षणीय वाढलं नाही. तारेपाशी गेलेलं डुक्कर या पहिल्या गटातलं. आणि व्हिडिओ पाहून पट्टा मागवणारा, चिडून, दोन सेकंद उशिरा बटण दाबणारा माणूस आपल्या कुत्र्याला कोणत्या गटात ढकलतो?

‘जर्मन शेफर्डला गोडीगुलाबी कळत नाही,’ हा दुसरा लाडका समज. पट्टा बरा की बक्षीस, हे इंग्लंडच्या लिंकन विद्यापीठानं 63 कुत्र्यांवर तपासलं. पट्टा वापरणारे प्रशिक्षक पट्टे बनवणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेनंच सुचवलेले होते. तरीही 2020 च्या निष्कर्षांत, बक्षीस देऊन शिकवलेली कुत्री कुठेच मागे पडली नाहीत. उलट पहिल्याच हाकेला तीच जास्त ऐकत होती.

‘करंट नाही, नुसतं व्हायब्रेशन आहे’ म्हणणाऱ्यांनी पट्ट्याच्या आतले धातूचे दोन खिळे पाहावेत. व्हायब्रेशनला खिळे लागत नाहीत. तेच खिळे दिवसभर रुतले तर मानेला जखमा होतात. भुंकल्यावर आपोआप झटका देणारे, आवाजावर चालणारे काही पट्टे शेजारचं कुत्रं भुंकलं तरी चालू होतात.

‘आपल्याकडे बंदी कुठे आहे?’ 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात या पट्ट्याचं नाव नाही हे खरं, पण जनावराला विनाकारण वेदना देणं कलम 11 खाली गुन्हाच आहे. वेल्सनं 2010 मध्ये असे पट्टे थेट बंद केले. आपल्या कायद्याच्या त्याच कलम 11 नुसार, कायम साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही, तर तोही मालकाचा गुन्हा. दिवसभर बांधलेलं कुत्रं भुंकणारच. त्याला सकाळ-संध्याकाळ हिंडवून आणा. गाडीमागे धावत असेल तर लांब दोरी बांधा, गाडी दुरून दिसताच हाक मारा आणि वळून आलं की लगेच भाकरीचा तुकडा द्या.