जॅक उचलतो, स्टँड पेलतो

उन्हाळी सुट्टीत गावी निघण्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. गाडीच्या इंजिनखालचे प्लॅस्टिकचे कव्हर एका बाजूने सुटून रस्त्याला घासत होते. दोन बोल्ट तर आवळायचे, त्यासाठी गॅरेजला कशाला जायचे? आम्ही अंगणातच गाडीसोबत मिळालेला जॅक लावला, पुढची बाजू उचलली आणि पोते अंथरून खाली शिरलो. हाताशी दहा नंबरचा पाना नव्हता. तो आणायला बाहेर आलो, चार पावले टाकली असतील, तोच मागे धाडकन आवाज झाला. जॅक आडवा पडला होता. आम्ही ज्या पोत्यावर पडलो होतो, त्याच्या आणि गाडीच्या पोटाच्या मध्ये वीतभरही जागा उरली नव्हती.

अम्मी दारातच होत्या. त्यांच्या तोंडून आधी ‘या अल्लाह’ निघाले. मग म्हणाल्या, “सदका काढ. आणि हा उद्योग पुन्हा करायचा असेल तर आधी कुणाकडून तरी नीट शिकून घे.”

आम्ही दोन्ही केले. शिकवले आमच्या मोहल्ल्यातल्या गॅरेजच्या उस्तादांनी. त्यांच्याकडे नवा पोरगा कामाला आला की पहिला धडा हाच असतो: जॅक गाडी उचलण्यासाठी, धरून ठेवण्यासाठी नाही.

फरक काय?

गाडीसोबत येणारा कात्रीसारखा जॅक रस्त्यात टायर बदलण्यापुरता असतो. त्याचा पाया अरुंद असतो. गाडी थोडी सरकली की तो कलंडतो. तेलाच्या दाबावर चालणारा हायड्रॉलिक जॅक दणकट दिसतो, पण त्याचे सील झिजले किंवा व्हॉल्व्ह सैल झाला तर तो खाली बसतो. जॅक स्टँडचे तसे नाही. चार पायांचा रुंद पाया, मध्ये वर-खाली होणारा दांडा आणि तो अडकवून ठेवणारा लोखंडी खटका किंवा पिन. त्यात गळायला काही नसते.

“चाके तर लावलेलीच आहेत, गाडी पडली तरी किती खाली येणार?” असे अनेकांना वाटते. आम्हालाही वाटत होते. पण छोट्या गाडीचे पोट जमिनीपासून वीतभरही उंच नसते. माणसाची छाती तेवढ्यात मावत नाही.

आधी जमीन, मग चाके

जागा सपाट आणि टणक हवी. सिमेंट काँक्रीट सर्वांत चांगले. माती, सैल झालेले पेव्हर ब्लॉक आणि उन्हाने मऊ पडलेले डांबर यांत स्टँडचे पाय रुततात. उतारावर तर गाडी उचलूच नये. आमच्या अंगणाला पाणी वाहून जाण्यापुरता उतार होता आणि तेवढाच पुरला.

बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक फक्त मागची चाके धरतो. मागची बाजू उचलली की तो निरुपयोगी होतो. उलट, आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिनची ताकद पुढच्या चाकांना जाते, म्हणून पुढची बाजू उचलल्यावर गियरमध्ये टाकलेली गाडीही गियरवर थांबत नाही. यावर उपाय सोपा आहे. हँडब्रेक ओढावा, गाडी पहिल्या गियरमध्ये ठेवावी (ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’वर) आणि जी चाके जमिनीवर राहणार त्यांना पुढून-मागून लाकडी पाचर लावावी. चाक काढायचे असेल तर त्याचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. उचललेल्या गाडीवर जोर लावणे धोक्याचे आहे.

उचलणे आणि टेकवणे

गाडीच्या पुस्तिकेत जॅक आणि स्टँड लावण्याच्या जागा दाखवलेल्या असतात. दोन्ही बाजूंना दरवाजांखालच्या कडेवर, पुढच्या चाकामागे आणि मागच्या चाकापुढे त्या असतात. इंजिन ऑइलचा चेंबर, गिअरबॉक्स किंवा पातळ पत्रा यांना जॅक कधीच लावू नये.

इथे एक अडचण येते. कात्री जॅक नेमका त्याच कडेवर लागतो, मग स्टँडला जागा राहत नाही. म्हणून घरी काम करायचे तर चाकांचा ट्रॉली जॅक हवा. तो पुस्तिकेत दाखवलेल्या मधल्या जागी लावून गाडी उचलावी आणि दोन्ही कडांखाली एकेक स्टँड ठेवावा. दोन्ही स्टँडची उंची सारखी हवी आणि खटका पूर्ण बसलेला हवा. मग जॅक अगदी सावकाश सोडावा, म्हणजे भार स्टँडवर येईल.

आता खाली शिरण्याची घाई नको. बाहेर उभे राहून गाडीला बाजूने हाताने ढकलून पाहावे. डुगडुगली तर उतरवून पुन्हा लावावी. स्थिर राहिली तर जॅक हलकेच टेकलेला राहू द्यावा. काढलेले चाकही कडेखाली आडवे सरकवून ठेवावे. एक आधार चुकला तर दुसरा असावा, हा उस्तादांचा नियम.

विटा, दगड किंवा पोकळ सिमेंटचे ब्लॉक यांवर गाडी ठेवणे हा जीवघेणा प्रकार आहे. ते भाराखाली अचानक फुटतात. स्टँड घेताना त्यावर छापलेली क्षमता वाचावी. ती बऱ्याचदा जोडीची असते, एकाची नव्हे. छोट्या गाडीचे वजन 800 ते 1,000 किलोच्या आसपास असते, तिला 2 टनांची जोडी पुरते. एकेका घराला खर्च जड वाटत असेल तर दोन-तीन घरांनी मिळून घ्यावी.

घरातल्यांसाठी

कुणी गाडीखाली असताना गाडीत बसू नये, दार आपटू नये, सीटवरची पिशवी काढायलाही जाऊ नये. इंजिन सुरू करू नये. मुलांचा चेंडू खाली गेला तर तो तिथेच राहू द्यावा. काम करणाऱ्याने एकटे असताना खाली शिरू नये. काही घडलेच तर माणसाला ओढू नये, आधी जॅकने गाडी उचलावी आणि दुसऱ्याने 108 वर फोन लावावा.

काम संपल्यावर खाली हत्यार, हात किंवा मांजर नाही ना, हे वाकून पाहावे. मग गाडी जॅकने थोडी उचलून स्टँड काढावेत आणि ती हळूच उतरवावी. चाकाचे नट शेवटचे आवळणे जमिनीवरच, समोरासमोरचे एकेक करून.

उंट बांधून भरवसा ठेवू की मोकळा सोडून, असे एकाने प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले होते. आधी बांध आणि मग अल्लाहवर भरवसा ठेव, असे त्यांनी सांगितल्याची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. त्या दिवशी आम्ही बिस्मिल्लाह म्हणून गाडीखाली शिरलो होतो खरे, पण उंट बांधला नव्हता. आता अंगणाच्या कोपऱ्यात स्टँडची जोडी असते. मुलगा पाना हातात घेतो तेव्हा अम्मी आधी तिकडे बघतात आणि मगच आत जातात.