वाळूवरच्या तीन रेघा

लेखमाला : तिसरं चाक (भाग ४)

मागच्या भागात आपण चौकट वेल्ड करून घेतली आणि मामांच्या सायकलच्या मागच्या चिमट्याच्या खाचांत दोन बोल्टांवर ती बसवली. ज्यांचा तो भाग चुकला असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मामा चौऱ्याहत्तर वर्षांचे. गेल्या पावसाळ्यात वरच्या पाटावरून येताना तोल जाऊन पडले आणि सायकल पडवीत गेली. डॉक्टरांच्या मते पाय ठणठणीत आहेत, बिनसलंय ते कानातलं तोल सांभाळणारं यंत्र. नवी तीनचाकी घेऊ म्हटलं तर मामा ऐकेनात. “सायकल हीच. तिला काय लावायचं ते लाव.” त्यामुळे त्याच सायकलची तीनचाकी करणाऱ्या या किटची अट पहिल्या दिवसापासून एकच आहे. मूळ सायकल कापायची नाही, तिला भोक पाडायचं नाही, आणि उद्या हे सगळं नको झालं तर अर्ध्या तासात जुनं चाक परत लागलं पाहिजे.

आता एक्सल. गेल्या आठवड्यात ज्यांनी ज्यांनी पडवीत येऊन चौकट पाहिली त्यातल्या निम्म्या लोकांचा प्रश्न हाच होता : मागची दोन्ही चाकं एक्सलला पक्की करून टाकायची ना? माझंही उत्तर आधी ‘हो’ असंच होतं. एक सळई, दोन टोकांना दोन चाकं, मध्ये फ्रीव्हील. यात विचार करण्यासारखं काय आहे?

विचार करायला लावलं गुहागरच्या पुळणीने. पूर्ण ओहोटीला पाण्याजवळची वाळू इतकी घट्ट बसते की सायकलचं चाक जेमतेम अर्धा सेंटिमीटर रुततं. त्यामुळे चाकं काय करताहेत ते वाळू लिहून ठेवते. दोन्ही चाकं पक्की करून मी सरळ गेलो. मागे तीन स्वच्छ रेघा उमटल्या, टायरच्या नक्षीसकट. मग उजवीकडे वळलो. वळलो म्हणजे हँडल वळवलं; सायकल सरळच जायला बघत होती, पुढचं चाक वाळू ढकलत होतं. जोर लावून वळवली तेव्हा मागची नक्षी पुसली गेली आणि तिथे फराटे ओढल्यासारखे पट्टे दिसले. चाक फिरत नव्हतं, फरपटत होतं.

कारण सोपं आहे. वळताना बाहेरचं चाक मोठ्या वर्तुळावर धावतं, आतलं लहान. आमच्या दोन चाकांमधलं अंतर ७५ सेंमी. काटकोनात वळायचं तर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा ११८ सेंमी जास्त धावावं लागतं. गंमत अशी की वळण ऐसपैस घ्या नाहीतर जागच्या जागी घ्या, हा फरक तेवढाच राहतो. पाव वर्तुळाच्या दोन कमानींमधला फरक चाकांमधल्या अंतरावर ठरतो, वळणाच्या आकारावर नाही. दोन्ही चाकं एकाच सळईला जखडली की दोघांचे फेरे सारखे, मग हे ११८ सेंमी कुठून तरी भरून निघायला हवेत. ते टायर घासून भरून निघतात. वाळूवर नुसते पट्टे उठले. डांबरावर याच हिशोबाने वर्षभरात टायर संपले असते.

मोटारीत हा प्रश्न डिफरन्शियल सोडवतो. पण ते सायकलच्या दुनियेत मोटारीच्या आधीपासून आहे. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली यांनी १८७७ साली ते आपल्या बहुचाकी सायकलला बसवलं. त्याची एक गोष्ट सांगतात. स्टार्ली आणि त्यांचा मुलगा शेजारी शेजारी बसून एक जोडसायकल चालवत होते. प्रत्येकाच्या पायडलवर एकेक बाजूचं चाक. मुलगा तरणाबांड, त्याची बाजू पुढे पळाली, सायकल गर्रकन वळली आणि बापलेक रस्त्याकडेच्या खाजऱ्या झुडपांत. अंग खाजवत बसले असताना दोन्ही चाकांना ताकद सारखी वाटून देणाऱ्या दातेरी चाकांची कल्पना स्टार्लींना सुचली म्हणे. गोष्ट खरी किती ते सोडा. पुढे १८८१ मध्ये व्हिक्टोरिया राणीने त्यांच्या दोन तीनचाक्या मागवल्या, तेव्हा ‘साल्व्हो’ या मॉडेलचं नाव ‘रॉयल साल्व्हो’ झालं.

आपल्याला डिफरन्शियल परवडत नाही. पैशाचं एक वेळ सोडा, खारा वारा आणि वाळू यांच्यात ते बंद डब्यात ठेवून सांभाळणार कोण? त्यावर साधा उपाय आहे, तोच आपण करणार : एक चाक एक्सलला पक्कं, दुसरं त्याच एक्सलवर बेअरिंगवर मोकळं. ढकलेल एकच चाक. दुसरं आपल्या मनाने, लागेल तितकं फिरेल.

दुसऱ्या दिवशीच्या ओहोटीला उजव्या चाकाचा बोल्ट काढला, मधल्या नळीत दोन बेअरिंगं बसवली आणि तेच वळण पुन्हा घेतलं. तिन्ही रेघा शेवटपर्यंत नक्षीदार. मामा वाकून बघत होते. म्हणाले, “हे बरं लिहिलंय.”

आता तुम्ही म्हणाल, ढकलणारं चाक एका बाजूला असेल तर सायकल दुसऱ्या बाजूला ओढणार नाही का? ओढते. पण म्हणूनच कोणतं चाक पक्कं करायचं हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो, आणि त्याचं उत्तर रस्त्यावर आहे. आपल्याकडे रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, पाणी वाहून जावं म्हणून. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या कोकणात तर तो तसा हवाच. आपण चालतो डाव्या बाजूने. म्हणजे तीनचाकी कायम किंचित डावीकडे कललेली, आणि गटाराकडे जाऊ बघणारी. अशा वेळी डावं चाक ढकलणारं ठेवलं तर त्याचा जोर सायकलला उजवीकडे वळवू बघतो. दोन खोड्या एकमेकींना खातात. शिवाय कललेल्या बाजूच्या चाकावर वजन जास्त, म्हणून त्याची पकडही जास्त. तेव्हा पक्कं चाक डावं. चेन उजवीकडे आणि ताकद डावीकडे, याचं आमच्या वेल्डिंगवाल्याला फार आश्चर्य वाटलं. पण सळई अखंड आहे. फ्रीव्हील तिच्यावर कुठेही असलं तरी सळई पुरी फिरणारच.

सामान असं. एक्सलला २० मिमीची ब्राइट बार. तिच्यासाठी दोन पेडेस्टल बेअरिंगं, दुकानात नंबर सांगायचा ‘यूसीपी २०४’. बेअरिंगच्या नंबरात एक सोय आहे, ती लक्षात ठेवा : शेवटचे दोन आकडे गुणिले पाच म्हणजे आतल्या भोकाचा व्यास. ०४ म्हणजे २०, ०५ म्हणजे २५. (०४ च्या खाली हा नियम चालत नाही.) मोकळ्या चाकाच्या नळीत ६००४ नंबरची दोन. फ्रीव्हील सळईवर थेट बसत नाही, म्हणून चिपळूणला लेथवर एक बुश करून घेतला. बाहेरून फ्रीव्हीलचे आटे, आतून २० मिमी भोक, आणि आरपार एक बोल्ट. हा बोल्ट मऊ लोखंडाचा घेऊ नका. पहिला माझा तसाच होता. मामांनी चढावर उभं राहून पायडल मारलं आणि कट्‌ आवाज करून तो सुरीने कापल्यासारखा तुटला. आता ८.८ छापाचा आहे.

मागची चाकं २० इंची घेतली. मूळचं २८ इंची चाक सायकलवर डौलदार दिसतं, पण दुचाकी वळताना कलते, त्यामुळे चाकावर येणारा भार चाकाच्या पातळीतच राहतो. तीनचाकी कलत नाही. तो सगळा भार चाकाला आडवा मोडू बघतो. उंच चाक, पातळ आरे, दोन-चार जोरदार वळणं, की रिमची वेलांटी झालीच समजा. लहान चाक आणि जाड आरे हा आडवा मार सोसतात. एवढं मात्र ध्यानात ठेवा की चाकाची त्रिज्या दहा सेंटिमीटरने कमी झाली, म्हणून एक्सल चिमट्याच्या खाचेपेक्षा दहा सेंटिमीटर खाली यायला हवा, नाहीतर सीट मागे झुकेल. मागच्या भागातल्या चौकटीच्या पट्ट्या खाली का उतरल्या होत्या, ते आता कळलं असेल. एक्सल पंधरा सेंटिमीटर मागेही गेला आहे, म्हणून चेनला साधारण २४ कड्या जास्त लागतात. जुन्या चेनचा तुकडा नव्या चेनला जोडू नका. झिजलेली आणि कोरी चेन एका फ्रीव्हीलवर नांदत नाही.

लहान चाकाचा एक फायदा फुकट मिळाला. पुढे ४४ दाते, मागे १८. जुन्या चाकाला पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साडेपाच मीटर जात होती, आता चारच्या आत. म्हणजे वेग उतरला आणि चढ हलका झाला. मामांना दोन्ही हवं होतं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी सायकल रिक्षा सुधारायला घेतली तेव्हा गिअर आणि मागच्या चाकांचे ब्रेक या दोन गोष्टींवर त्यांचा भर होता. २००२ साली ‘करंट सायन्स’मध्ये त्यावर त्यांचा लेखही आला. माणूस जेव्हा आपल्या पायांनी तीन चाकं ओढतो तेव्हा गिअर ही चैन राहत नाही. आपलं किट गरिबाचं आहे, त्याला एकच गिअर, पण तो निदान बरोबर निवडलेला.

आता ज्याची मला सर्वांत जास्त भीती आहे त्याबद्दल. तीनचाकी पडत नाही असं सगळे म्हणतात. उभी असताना पडत नाही, हे खरं. चालताना तिचं काय होतं ते मोजून पाहू. तिन्ही चाकं जमिनीला टेकतात ते तीन बिंदू जोडले की त्रिकोण होतो. बसणाऱ्याचं वजन त्या त्रिकोणात पडतं तोवर ठीक. मागे त्रिकोणाची अर्धी रुंदी साडेसदतीस सेंटिमीटर आहे, पण माणूस मागच्या एक्सलवर बसत नाही, बराच पुढे बसतो, आणि पुढे त्रिकोण निमुळता होत जातो. आमच्या सायकलवर मामांचं वजन पडतं तिथून त्रिकोणाची कड जेमतेम साडेएकवीस सेंमी दूर आहे. आणि त्या वजनाचा मध्य जमिनीपासून सुमारे शंभर सेंटिमीटर उंच. या दोन आकड्यांवरून निघतं की चार मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी साडेदहा किलोमीटरला आतलं चाक जमीन सोडतं. साडेदहा म्हणजे मामांचा नेहमीचा बाजाराला जायचा वेग!

त्यात रस्त्याचा उतार. शंभराला तीन असा उतार धरला तर शंभर सेंटिमीटर उंचीवरचं वजन तीन सेंटिमीटर डावीकडे सरकतं. उजवीकडे वळताना अंग जातं डावीकडे, म्हणजे साडेएकवीसातले तीन आधीच खर्च झालेले. म्हणून आपल्या रस्त्यांवर तीनचाकीला उजवं वळण डाव्यापेक्षा वाईट. मामांना मी आकडे सांगितले नाहीत. “उजवीकडे वळताना माणूस चालतो त्या वेगाने,” एवढंच सांगितलं.

मग चाकांमधलं अंतर वाढवायचं ना? वाढवलं असतं. पण मामांच्या अंगणात शिरायचं ते बेड्यातून, दोन्हीकडे जांभ्याचा गडगा, मध्ये ९२ सेंमी. सळईची टोकं धरून किट ८७ भरतं. गडगा आजोबांच्या वेळचा आहे आणि त्याचा एकही चिरा हलणार नाही, हे मला विचारण्याआधीच सांगण्यात आलं. त्यापेक्षा सीट पाच सेंटिमीटर उतरवली आणि मागची टोपली एक्सलच्या अगदी वर, जमेल तितकी खाली घेतली. टोपलीत चार शहाळी असली की वजन मागे सरकतं, जिथे त्रिकोण रुंद आहे. रिकामी तीनचाकी भरलेल्यापेक्षा लवकर कलंडते, हे उलटं वाटतं, पण करून बघा. कुणी नवी सायकल शोधून किट लावणार असेल तर लेडीज सायकल घ्या, दांडीवरून पाय टाकायची कसरत वाचेल.

आणि पहिल्या दिवशी पुळणीवरच चालवा. मी पन्नास वर्षं सायकल चालवतोय, तरी रस्त्यावरच्या पहिल्या फेरीत तिसाव्या हाताला गडग्यात गेलो. सायकलस्वाराच्या अंगात भिनलेलं असतं, तोल जातोय वाटलं की त्या बाजूला हँडल. तीनचाकी उतारामुळे डावीकडे कललेलीच असते, अंग ओरडतं ‘पडतोयस’, हात डावीकडे वळतात, आणि डावीकडे गडगा तयारच. इथे कलायचं सायकलने नाही, बसणाऱ्याने, वळणाच्या आतल्या बाजूला, खांदा टाकून. शेजारच्या दहा वर्षांच्या मुलीला दुचाकी येत नाही. ती पाच मिनिटांत व्यवस्थित चालवायला लागली. मला दोन दिवस लागले. इंग्लंडात तीनचाकीवाल्यांची स्वतःची संघटना १९२८ पासून आहे, म्हणजे हा वेगळाच पंथ आहे असं समजायला हरकत नाही.

पुळणीवरून आलात की लगेच गोड्या पाण्याने धुवा. ब्राइट बार नावाप्रमाणे चकचकीत असते ती आमच्याकडे चार दिवस. पाचव्या दिवशी तिच्यावर चहाच्या रंगाचा थर येतो. बेअरिंगं बसवण्याआधी पूर्ण सळईला ग्रीस चोळा. चौकोनी पाइपची तोंडं वेल्ड करून बंद केली असतील तर खालच्या बाजूला एक बारीक भोक ठेवा. आत पाणी कसं शिरतं ते कुणालाच कळत नाही, पण शिरतं, आणि पाइप आतून खातं.

मामा काल पहिल्यांदा एकटे बाजारात जाऊन आले. गेले सावकाश, आले सावकाश. बेड्यातून आत घेताना डाव्या नटाने गडग्याच्या एका चिऱ्यावर बोटभर लांबीचा ओरखडा काढला. त्यांनी उतरून त्यावरून अंगठा फिरवला, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता पिशवी घेऊन आत गेले.

मागचं चाक काढलं तेव्हा त्याच्याबरोबर मागचा ब्रेकही गेला, हे जाणकारांच्या लक्षात आलं असेलच. सध्या सगळी भिस्त पुढच्या एका ब्रेकवर आहे, म्हणून मामांना मोडकाआगरच्या उताराकडे फिरकायची बंदी आहे. पुढच्या आठवड्यात ती उठवायची.