पुरुषांचे समुपदेशन आणि भावनिक आधार : गरज, अडसर आणि दिशा

प्रस्तावना

समुपदेशन ही संकल्पना आपल्याकडे प्रामुख्याने स्त्रिया, मुले आणि कौटुंबिक वाद यांच्या संदर्भात रुजली. कुटुंब सल्ला केंद्रे, महिला समुपदेशन केंद्रे, शालेय समुपदेशक ही तिची परिचित रूपे होत. स्त्रियांवरील अन्यायाचे स्वरूप पाहता ही व्यवस्था आवश्यकच होती व आहे. मात्र या व्यवस्थेत प्रौढ पुरुष बहुधा ‘समोरचा पक्ष’ म्हणून येतो. स्वतःचे दुःख घेऊन आलेली व्यक्ती म्हणून तो क्वचितच येतो. ‘पुरुष बोलतच नाहीत’ असे याचे सर्वसाधारण स्पष्टीकरण दिले जाते. ते अपुरे आहे. पुरुष मदत मागतात. परंतु ती दुःखाच्या नावाने मागत नाहीत. प्रस्तुत लेखात हा मुद्दा मांडून त्या अनुषंगाने समुपदेशनाची रचना कशी असावी, याचे विवेचन केले आहे.

प्रश्नाचे गांभीर्य

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षी देशात १,७०,९२४ व्यक्तींनी आत्महत्या केली. त्यांपैकी १,२२,७२४ पुरुष होते. म्हणजे दर दहांपैकी सुमारे सात. राज्यनिहाय विचार करता सर्वाधिक, म्हणजे २२,७४६ आत्महत्या महाराष्ट्रात नोंदल्या गेल्या. त्याच वर्षी आत्महत्या केलेल्या ५,२०७ शेतकऱ्यांत ४,९९९ पुरुष होते. एकूण आत्महत्यांत रोजंदारीवर काम करणाऱ्यांचे प्रमाण २६.४ टक्के होते.

ही आकडेवारी जपून वाचावयास हवी. जमीन व कर्ज बहुधा पुरुषाच्या नावे असल्याने शेतकरी स्त्री ‘शेतकरी’ म्हणून नोंदलीच जात नाही. म्हणून स्त्रियांचे दुःख कमी आहे, असा अर्थ या आकड्यांतून काढता येत नाही. परंतु ज्याच्या नावे कर्ज आहे, ज्याच्या मजुरीवर चूल पेटते, त्या पुरुषापर्यंत आधाराची व्यवस्था पोहोचत नाही, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

दुःखाचे बदललेले रूप

‘मुलीसारखा रडतोस काय?’ या प्रश्नाने मुलाचे भावनिक शिक्षण सुरू होते. पुढे तो ‘घरचा कर्ता’ होतो. कर्त्याने निर्णय घ्यावा, कमवावे, इतरांना धीर द्यावा, अशी अपेक्षा असते. त्याने धीर मागावा अशी सोय त्या भूमिकेत नसते. ऑस्ट्रेलियन समाजशास्त्रज्ञ रेविन कॉनेल यांनी १९९५ च्या आपल्या ग्रंथात वर्चस्ववादी पुरुषत्वाची जी मीमांसा केली, तिचा येथे उपयोग होतो. पुरुषाला सत्ता देणारी चौकटच त्याच्यावर मौनही लादते. त्यामुळे पुरुषाच्या दुःखाचा विचार हा स्त्री-पुरुष समतेच्या विचाराचाच भाग ठरतो.

दडपलेले दुःख नाहीसे होत नाही, ते रूप बदलते. झोप न लागणे, छातीत धडधड, पाठदुखी, चिडचिड, कामात मन न लागणे, वाढते मद्यपान या रूपांत ते प्रकट होते. असा पुरुष डॉक्टरकडे जातो, परंतु ‘ॲसिडिटी’ची तक्रार घेऊन जातो. निदानाच्या वेळी केवळ उदासी व रडू येणे यांविषयीच विचारणा झाली, तर त्याचे नैराश्य नजरेतून सुटण्याची शक्यता राहते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲडिस व महालिक यांनी २००३ मध्ये असे प्रतिपादन केले की, मदत टाळणे हा पुरुषाचा स्थिर स्वभाव नसून ते परिस्थितीवर अवलंबून असते. ही अडचण इतरांनाही येते काय, मदत घेतल्याने आपल्या हातचा ताबा जाईल काय, जवळचे लोक काय म्हणतील, घेतलेल्या मदतीची परतफेड करता येईल काय, अशा प्रश्नांच्या उत्तरांनुसार पुरुषाचा निर्णय बदलतो. यातून निघणारा निष्कर्ष व्यवहाराच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. पुरुषाचा स्वभाव बदलण्याची वाट न पाहता परिस्थिती बदलता येते.

गोवा व अमरावती येथील अनुभव

या निष्कर्षाला पुष्टी देणारा अनुभव गोव्यात आढळतो. ‘संगत’ या संस्थेच्या संशोधकांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत कोणत्याही कारणाने आलेल्या पुरुषांना मद्यपानाविषयी प्रश्न विचारले आणि घातक मद्यपान असणाऱ्या ३७७ पुरुषांचा अभ्यासात समावेश केला. त्यांतील निम्म्या पुरुषांना मानसोपचाराची पदवी नसलेल्या, परंतु प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी एक ते चार बैठकांचे समुपदेशन दिले. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्या गटातील ४२ टक्के पुरुष मागील चौदा दिवसांत मद्यापासून दूर होते, दुसऱ्या गटात हे प्रमाण १८ टक्के होते. ज्यांचे पिणे सुरूच राहिले, त्यांच्या पिण्याच्या प्रमाणात मात्र लक्षणीय फरक आढळला नाही. याच संशोधकांनी गोव्यातील आरोग्य केंद्रांत नैराश्यासाठी असाच अभ्यास केला, तेव्हा त्यात बहुसंख्य स्त्रिया होत्या. नैराश्याच्या दारातून पुरुष थोडे आले. मद्यपानाविषयी विचारणा होताच ते सापडले आणि बोललेही.

विदर्भातील ‘विश्राम’ कार्यक्रम केवळ पुरुषांसाठी नव्हता. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत तो राबविण्यात आला. गावातील कार्यकर्ते, प्रशिक्षित समुपदेशक व मनोविकारतज्ज्ञ अशी साखळी त्यात उभी केली होती. नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण त्यामुळे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, तर आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. मदत गावात आली तर गाव ती घेते, हे यातून दिसते.

समुपदेशनाची दिशा

वरील विवेचनावरून काही सूत्रे हाती येतात.

१. प्रारंभ भावनेपासून न करता तक्रारीपासून करावा. ‘तुम्हाला काय वाटते?’ या प्रश्नापेक्षा ‘झोप कशी लागते?’, ‘हप्ता किती राहिला?’ हे प्रश्न पुरुषाला बोलते करतात.

२. समुपदेशन पुरुष जेथे जातो तेथे असावे. आरोग्य केंद्र, बाजार समिती, सहकारी पतसंस्था, कारखाना, व्यायामशाळा ही त्याची ठिकाणे होत.

३. गटाचा उपयोग करावा. गटात मदत घेणारा दुसऱ्याला मदत देतोही. त्यामुळे परतफेडीचा प्रश्न आपोआप सुटतो.

४. सहानुभूती आणि समर्थन यांत फरक करावा. घरात हिंसा करणाऱ्या पुरुषाचे दुःख ऐकून घेताना त्याच्या हिंसेची जबाबदारी त्याच्याकडेच राहिली पाहिजे. पत्नीची सुरक्षितता सर्वप्रथम. मुंबईतील ‘मावा’ ही संस्था १९९३ पासून पुरुषांशी जो संवाद करीत आली आहे, तो याच भूमिकेतून.

५. भावनिक आधार हा कर्जमुक्ती किंवा रोजगार यांना पर्याय नव्हे. कर्जाचा प्रश्न केवळ मनाचा प्रश्न म्हणून मांडणे अन्यायकारक ठरेल.

महाविद्यालयांची भूमिका

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा आणि शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक प्रथमोपचाराचे प्रशिक्षण द्यावे, असे निर्देश दिले. समुपदेशन कक्षाची पाटी लावून हा प्रश्न सुटणार नाही. ज्या विद्यार्थ्याला मदतीची गरज आहे तो त्या कक्षाकडे फिरकेलच असे नाही. तो गैरहजर राहतो, भांडतो, शुल्क थकवतो, मैदानावर यायचे बंद करतो. त्याची नोंद प्रथम वर्गशिक्षक, क्रीडा संचालक, ग्रंथपाल, वसतिगृहाचे अधीक्षक यांच्याकडे होते. उपस्थितीचा प्रश्न म्हणून बोलावलेला विद्यार्थी शिस्तीचा विषय न होता संवादाचा विषय व्हावा, एवढा बदलही मोलाचा ठरेल. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ‘टेलि-मानस’ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा (१४४१६) विद्यार्थ्यांच्या माहितीत असावी. प्राध्यापक वर्गातील पुरुषांनाही, विशेषतः तासिका तत्त्वावर अनिश्चिततेत काम करणाऱ्यांना, या आधाराची गरज आहे, याचे भान संस्थांनी ठेवावे.

समारोप

पुरुषांना भावनिक आधार देणे म्हणजे त्यांना विशेष सवलत देणे नव्हे. ज्या मौनामुळे पुरुष स्वतःचा जीव गमावतो, त्याच मौनाचे चटके त्याच्या घरातील स्त्रिया व मुले सोसत असतात. पुरुषाने बोलावे ही अपेक्षा रास्त आहे; परंतु तो आज ज्या भाषेत बोलत आहे, म्हणजे पाठदुखीच्या, थकलेल्या हप्त्याच्या, वाढलेल्या पिण्याच्या, ती भाषा ऐकणारी व्यवस्था आधी उभी राहिली पाहिजे. आरोग्यसेवक, समुपदेशक व प्राध्यापक यांनी ही भाषा शिकून घेणे ही त्या दिशेने पहिली पायरी होय.