तीनपत्तीचा बरोबर डाव

दिवाळी पाडव्याच्या दिवसाला पंचांगात बलिप्रतिपदेबरोबर आणखी एक नाव असते : द्यूतप्रतिपदा. त्या दिवशी शंकर-पार्वती सारीपाट खेळले, म्हणून माणसांनीही खेळावे, असा समज. आमच्या खोडदला त्यासाठी शास्त्राधाराची कुणाला गरज वाटत नाही. लक्ष्मीपूजन आटोपले की ओट्यावर सतरंजी पडते, पत्ते पिसले जातात आणि तीनपत्ती सुरू होते. भाऊबीज झाली की सतरंजी उचलली जाते. लहानपणापासून मी हे पाहत आलो. खेळात कुणी हरला की म्हातारी माणसे म्हणत, "पानं पडली नाहीत." जिंकणारा मात्र कधी म्हणत नसे की मला पाने पडली. तो म्हणे, "खेळायला अक्कल लागते."

या दोन वाक्यांत खरे कोणते, हा प्रश्न माझ्यासाठी गमतीचा होता. दोन वर्षांपूर्वी तो गमतीचा राहिला नाही. माझ्या पुतण्याने नारायणगावच्या बाजारात विकलेल्या टोमॅटोची सगळी पट्टी मोबाइलवरच्या पत्त्यांत घालवली. घरात व्हायचे ते झाले. पण सगळे ओरडून दमल्यावर तो एक वही घेऊन माझ्याकडे आला. "नाना, मी आंधळेपणानं खेळत नव्हतो. सगळे डाव लिहून ठेवलेत. तुम्ही हिशेब बघा आणि चुकलो कुठं ते सांगा." मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही, जे गणित येते ते पुस्तके मिळवून आणि रात्री जागून शिकलेले. तरीही त्या वहीने मला कामाला लावले. पत्ते खेळण्याची बरोबर पद्धत असते का, हा प्रश्न मी तेव्हापासून नीट तपासतो आहे.

सुरुवात मोजणीपासून. ५२ पानांतून तीन पाने २२,१०० प्रकारे येऊ शकतात. त्यात ट्रेल, म्हणजे तीन एक्के किंवा तीन सत्त्या, ५२ प्रकारे. एकाच रंगाची ओळीतली तीन पाने, म्हणजे प्युअर सिक्वेन्स, ४८ प्रकारे. साधा सिक्वेन्स ७२०, कलर १,०९६, जोडी ३,७४४ आणि यातले काहीच नाही असे १६,४४० हात. गंमत पाहा : प्युअर सिक्वेन्स ट्रेलपेक्षा दुर्मीळ आहे, तरी ओट्यावर ट्रेल मोठा. म्हणजे खेळाचा नियमच मोजणीला धरून नाही. यातून एक उपयोगी गोष्टही कळते. जोडी किंवा त्याहून चांगले सुमारे चार डावांत एकदाच मिळते. सगळे हात उतरत्या क्रमाने मांडले तर बरोबर मध्यावर येतो राजा-दश्शी आणि सोबत एखादे लहान पान. समोरचा ब्लाइंड खेळत असेल आणि तुमच्या हातात राजा-दश्शी असेल, तर तुम्ही साधारण बरोबरीत आहात. आमच्या ओट्यावर असे पान दिसले की माणसे पॅक करत आली आहेत.

अशी मोजणी आपल्याला परकी नाही. महाभारताच्या वनपर्वातला नळ पुष्करापुढे राज्य हरतो आणि पुढे ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. वाटेत ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे न मोजता सांगतो. नळ ती मोजून पाहतो आणि आकडा तंतोतंत जुळतो. मग घोड्यांच्या विद्येच्या बदल्यात नळ त्याच्याकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म शिकतो. जुगार आणि मोजणी यांचे नाते आपल्या पूर्वजांना ठाऊक होते, हे या गोष्टीतून उघड दिसते.

पण पाने मोजणे हा खेळाचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा म्हणजे हूल. हातात काही नसताना चाल वाढवायची आणि समोरच्याला पळवायचे. याचे गणित असू शकते, हे जॉन फॉन नॉयमन या हंगेरियन गणितज्ञाने दाखवले. त्याचा पहिला निबंध १९२८ सालचा. पुढे १९४४ मध्ये ऑस्कर मॉर्गेनस्टर्नबरोबर लिहिलेल्या ग्रंथात त्याने पोकरवर वेगळे प्रकरणच लिहिले. १९५० मध्ये हॅरॉल्ड कून याने हा प्रश्न इतका छोटा करून दिला की तो ओट्यावर मांडता येतो. पुतण्याला मी तोच खेळ शिकवला.

पाने तीनच : राजा, राणी, गुलाम. खेळणारे दोन. दोघे एकेक रुपया मध्ये टाकतात आणि दोघांना एकेक पान मिळते. पहिल्याने एक रुपया लावावा किंवा 'चालू दे' म्हणावे. त्याने लावला तर दुसऱ्याने रुपया टाकून पान पाहावे किंवा सोडावे. पहिल्याने लावला नाही तर दुसऱ्याला तीच संधी. दोघांनीही लावला नाही तर पाने उघडायची, मोठे पान जिंकते.

आता समजा पहिल्याने 'चालू दे' म्हटले आणि दुसऱ्याच्या हातात गुलाम आहे, सर्वांत हलके पान. पाने उघडली तर तो नक्की हरणार. मग त्याने हूल द्यावी का? कधीच दिली नाही, तर तो रुपया लावतो तेव्हा त्याच्याकडे राजाच असणार हे समोरच्याला कळेल, आणि राणीवाला दर वेळी सोडून देईल. नेहमीच दिली, तर राणीवाला दर वेळी पान पाहील. गणिताचे उत्तर असे : तीन वेळांत एकदा. राजा आला की नेहमी लावायचे, गुलाम आला की तिसऱ्या हिश्श्याने. मग त्याच्या चार लावण्यांपैकी तीन राजाच्या असतात, एक गुलामाची. राणीवाला पान पाहायला एक रुपया टाकतो, मध्ये पडलेले असतात तीन. चारातून तीनदा एक रुपया जातो, एकदा तीन रुपये येतात. पाहिले काय आणि सोडले काय, त्याला सारखेच. समोरच्याला काहीही केले तरी फरक पडू नये, अशी ही कोंडी आहे.

'तीनात एकदा' हे ठरवायचे कसे? माणूस स्वतः ठरवायला गेला की त्याच्याही नकळत ठराविक क्रम पडतो आणि समोरचा तो ओळखतो. आम्ही घरातल्या ल्यूडोचा फासा घेतला. ओंजळीआड टाकायचा, एक किंवा दोन पडले तर हूल, नाहीतर नाही. हूल हा चेहऱ्याचा, मिशीला पीळ देण्याचा खेळ आहे असे मला आयुष्यभर वाटत होते. बरोबर हूल देणारा माणूस स्वतःची इच्छा बाजूला ठेवून फाशाचे ऐकतो, हे पन्नाशीनंतर कळले.

दोघेही असे अचूक खेळले तर काय होते? पहिला खेळाडू दर डावाला सरासरी एक-अठरांश रुपया हरतो. त्याचे काही चुकत नाही. पहिले बोलावे लागते एवढाच त्याचा तोटा. बरोबर खेळणे म्हणजे जिंकणे नव्हे, हे इथे स्पष्ट दिसते. तुमच्या बसण्याच्या जागेला जेवढा तोटा अटळ आहे, त्याहून एक पैसाही जास्त कुणाला तुमच्याकडून काढता येऊ नये, एवढीच हमी बरोबर खेळ देतो. समोरचा चुकत असेल तर त्याच्या चुकीवर टपून याहून जास्त कमावता येते. पण तसे करायला आपणही बरोबर रस्ता सोडतो आणि मग आपल्यावर टपता येते.

मोठ्या पोकरचेही असेच आहे. २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी दोघांत खेळायचा, बोली ठरावीक असलेला टेक्सास होल्डेम हा प्रकार जवळजवळ पूर्ण सोडवला. त्यांच्या 'सिफियस' या प्रोग्रॅममध्ये उरलेली चूक इतकी बारीक आहे की रोज बारा तास, तासाला २०० डाव, असे सत्तर वर्षे खेळूनही माणसाला ती खात्रीने पकडता येणार नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या 'लिब्राटस'ने बोलीला मर्यादा नसलेल्या प्रकारात चार कसलेल्या खेळाडूंना वीस दिवसांत १,२०,००० डाव खेळून हरवले. दोनच खेळाडू असले तर बरोबर पद्धत असतेच, हे आता वादातीत आहे. तिसरा माणूस बसला की मात्र हमी संपते. दोन मावसभाऊ ठरवून एकमेकांसाठी पाने सोडू लागले, तर तिसऱ्याचे कोणतेही गणित त्याला वाचवू शकत नाही. आमच्या ओट्यावर सहा जण बसतात, त्यातले चार नात्यातले.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने रमीचा खटला १९६७ मध्ये निकाली काढला. रमीत पाने लक्षात ठेवावी लागतात, म्हणून ती मुख्यतः कौशल्याची, असे न्यायालयाने ठरवले. त्याच निकालात तीन पानांचा खेळ मात्र निव्वळ नशिबाचा म्हटला आहे. कूनचा तीन पानांचा खेळ शिकलेल्या माणसाला हे वाक्य खटकते. मलाही खटकले. मग मी आणि पुतण्या प्रत्यक्ष खेळायला बसलो.

२०० डाव. तो पहिला, त्याच्या मनाला येईल तसा खेळणारा. मी दुसरा, फासा घेऊन अचूक. जागा माझ्या फायद्याची, गणित माझ्या बाजूला. शेवटी मी नऊ रुपये हरलो. तो हसला, मी पुन्हा वही उघडली.

याचे उत्तर मला आमच्या शिवारात उभ्या असलेल्या मोठ्या तबकड्यांनी दिले. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण खोडदला आहे : ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यातल्या १४ मध्यभागी, बाकीच्या तीन हातांवर दूरवर पसरलेल्या. दर २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, ती लोकांना पाहता येते. तिथे एकदा समजावून सांगताना ऐकले होते की दूरच्या पल्सारची एक धडक गोंगाटात दिसतच नाही. हजारो धडका एकावर एक रचल्या की खूण वर येते. चौपट वेळ ऐकले तर दुप्पट स्पष्टता.

पत्त्यांतही नशीब हा गोंगाट आणि अक्कल ही खूण. आमच्या छोट्या खेळात दर डावाचा निकाल एक-दोन रुपयांनी हेलकावतो, आणि अकलेचा फायदा साडेपाच पैसे. हिशेब केला तर तो गोंगाटातून खात्रीने वर यायला सुमारे दोन हजार डाव लागतात. ओट्यावर एका रात्रीत शंभरेक होतात, आणि रात्री वर्षातून चार. म्हणजे पाच वर्षे. नळाने शेवटी पुष्कराकडून राज्य एकाच डावात परत जिंकले असे महाभारत सांगते. एका डावात मर्म दिसत नाही, तिथे नशीबच दिसते. न्यायालयाचे वाक्य गणिताला धरून नसेल, पण चार रात्री खेळणाऱ्या माणसापुरते ते खरे आहे.

आणि मग पुतण्याची वही. ती मी पुरती तपासली. तो वाईट खेळत नव्हता. बऱ्याच ठिकाणी समोरच्यांपेक्षा बरा होता. त्याचा मुद्दाच सुटला होता तो वेगळाच. समजा आमच्या खेळात दहा-दहा रुपये मध्ये टाकले आणि खेळवणाऱ्याने जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच कापले. अचूक खेळणाऱ्या दुसऱ्या खेळाडूचा फायदा डावामागे साडेपंचावन्न पैसे. त्याच्या वाट्याची कापणी सरासरी त्याहून जास्त. जगातला सर्वांत बरोबर खेळाडूही तिथे हळूहळू हरतो, आणि ज्याच्या हातात एकही पान नाही तो प्रत्येक डावात जिंकतो. वहीत प्रत्येक डाव होता. कापणीचा रकाना नव्हता.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कायदा करून पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद केले, कौशल्याचे असोत की नशिबाचे. कायद्याचे बरे-वाईट जाणकार सांगतील. पुतण्याला मी एवढेच सांगितले की तुझा डाव चुकला नाही, बसायची जागा चुकली. तो बराच वेळ गप्प बसला. मग त्याने वहीत एक नवा रकाना आखला आणि मागचे सगळे डाव पुन्हा बेरजेला घेतले. बेरीज झाल्यावर वही त्याने माझ्याकडेच ठेवली.

यंदाही लक्ष्मीपूजनानंतर सतरंजी पडेल. आमच्या ओट्यावर कुणी कापून घेत नाही. हरलेले पैसे भाऊबीजेपर्यंत घरातच फिरतात. पुतण्या खेळेल की नाही, ठाऊक नाही. मी बसेन, खिशात ल्यूडोचा फासा ठेवून. आणि हातात राजा-दश्शी आली तर पॅक करणार नाही.