ओझें, आंस आणि उंची



उसाचा हंगाम आला कीं न्हावऱ्याहून चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर ट्रॅक्टर व त्यांमागील ट्रेलर दिसूं लागतात. तेव्हां मनांत प्रश्न येतो: ओढून न्यावयाचें वाहन जमिनीपासून किती उंच असावें?

आपल्या जुन्या बैलगाडीचें लाकडी चाक छातीइतकें उंच असे. मोठें चाक खांचखळग्यांत कमी अडतें, दगडावर सहज चढतें आणि ओढा उतरतांना आंस दगडधोंड्यांच्या वर राहतो. पुढें हवेच्या रबरी चाकांची गाडी आली. तिचें चाक लहान, पण रुंद. म्हणून तें भुसभुशीत जमिनींत फारसें रुतत नाहीं. साटा खालीं आल्यानें माल चढविणेंही सोपें झालें. मात्र खोल चाकोरींत तिचा आंस टेकण्याचें भय वाढलें.

मग उंचच गाडी कां करूं नये? थोडें गणित पाहूं. दोन चाकांमधील अंतर ६ फूट आणि भरल्या गाडीचा गुरुत्वमध्य ४ फूट उंच असेल, तर ती सुमारें ३७ अंशांच्या आडव्या उतारावर कलंडेल. तोच मध्य ६ फुटांवर नेला, तर २७ अंश पुरेसे होतात. हें उभ्या गाडीचें गणित झालें. वळणावरील वेग आणि खड्ड्याचा धक्का यांनीं ही मर्यादा आणखी घटते.

माझ्या लहानपणीं आमच्या घरीं कडब्याची एक खेप वांचविण्यासाठीं गाडी अतोनात उंच भरली. ओढ्याच्या उतारावर ती कलंडली आणि एका बैलाचा पाय मोडला. तो पुन्हां जुंपतां आला नाहीं. वडील इतकेंच म्हणाले, "खेप वांचली, बैल गेला."

दुसरी गोष्ट पुढच्या-मागच्या तोलाची. भार मागें गेला कीं गाडी उलाळ होते, जूं वर उचललें जातें व बैलांचे गळे आवळतात. फार पुढें आला, तर त्यांची खांद सुजते. दोन चाकी ट्रेलरचेंही तसेंच. मागें जड असेल, तर तो वेगांत शेपटीसारखा झुलतो; पुढें अति जड असेल, तर ओढणाऱ्या वाहनाचीं पुढचीं चाकें हलकीं होऊन सुकाणूचा ताबा सुटतो. अमेरिकेंत मोटारीमागें प्रवासाचीं घरें ओढतात. तेथें एकंदर वजनाचा सुमारें दहावा ते सातवा हिस्सा जोडावर पडावा, असा दंडक आहे. जोडही योग्य उंचीवर हवा. ट्रॅक्टरला सांखळी मागील आंसाहून उंच बांधून जड ओझें ओढलें, तर त्याचें तोंड वर उचलून तो मागें उलटूं शकतो.

तात्पर्य, आंसाची उंची वाटेंतील सर्वांत वाईट जागा पाहून ठरवावी, आणि त्याहून अधिक ठेवूं नये. जड माल तळाशीं व आंसाच्या किंचित् पुढें भरावा. राहिलेला माल दुसऱ्या खेपेस न्यावा. ती खेप वायां गेली असें कोणीं समजूं नये.